निवळीचं पाणी

फायटर मासा नवरा म्हणून वाईट आणि बाप म्हणून चांगला, हे मला वसईच्या एका दुकानात कळलं. शेठ गिऱ्हाइकासमोर त्याला बेट्टा म्हणायचा, आम्ही कामगार फायटर म्हणायचो. अंडी पडेपर्यंत हा नर मादीला सळो की पळो करून सोडतो, वेळेवर बाजूला काढली नाही तर तिचा जीवही घेतो. अंडी पडली की मात्र खाणं सोडून त्यांच्यावर पहारा देत बसतो. त्या दुकानात मी सहा वर्षं काचा पुसल्या. बारावी शिकून काचा पुसतो म्हणून पाड्यावर माझी भरपूर चेष्टा झाली आहे. पण काचा पुसता पुसता मी माशांची पैदास शिकलो, आणि आमच्या आख्ख्या भागात हे आपल्याशिवाय कुणाला येत नाही याचा मला गर्व होता. त्या गर्वापायी काय झालं ते लिहायला बसलो आहे. लिहून काही फरक पडणार नाही हेही मला माहीत आहे.

आमचा पाडा जव्हार तालुक्यात, वांगणीच्याही पुढे. जीप सोडते तिथून अर्धा तास चालायचं. भात, नाचणी, थोडी वरई, सगळं पावसावर. दिवाळी झाली की निम्मी घरं दाराला काटक्या लावून वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर जातात, आणि पाड्यात म्हातारी माणसं आणि कोंबड्या राहतात. माझे वडील गेले तेव्हा भात निसवायला लागलं होतं. पोटाचं दुखणं होतं. जव्हारला नेलं, तिथून पुढे न्यायला सांगितलं, आणि वाटेतच आटोपलं. मी कापणीपुरता थांबलो आणि कामावर परत गेलो. शिमग्याला घरी आलो तेव्हा आईने एका माणसापुरती भाकरी करायची सवय लावून घेतली होती. माझ्यासाठी पीठ काढताना तिचा अंदाज चुकला, पुन्हा डब्यात हात घालावा लागला. मला ते बघवलं नाही.

मी शेठला फोन केला, म्हटलं घरीच पैदास करतो. तो म्हणाला, "कर. मोठे करून आण, आणशील तितके घेतो. पण पावसाच्या आत जमलं नाही तर मुकाट्याने कामावर यायचं, नाहीतर मी दुसरा माणूस ठेवणार." मी वसईला जाऊन नर-मादीची एक जोडी आणि थर्माकोलची दोन खोकी घेऊन आलो. आईला मी सरळ सांगितलं. पिल्लं जगली तर मी इथेच राहणार, नाही जगली तर परत वसई.

आई बाटलीतल्या नराकडे बघत होती. निळा रंग, लाल शेपूट, नवरदेवासारखा तोरा.

"खायला बेस लागतो?" तिने विचारलं.

"खायचा नसतो. लोक काचेत ठेवतात."

"मग?"

"मग बघतात."

"नुसता बघतात?"

"नुसतं बघतात."

वडील गेल्यापासून पहिल्यांदा ती हसली. पदर तोंडाला लावून, अंग हलवून हसली. मग संध्याकाळी पाड्यावर सगळ्यांना सांगून आली, की पोऱ्या आता जाणार नाय, घरीच मासं करणार. शेजारची काकी मुद्दाम मासे बघायला आली आणि एवढ्याशा माशाचा रस्सा कसा होणार म्हणून काळजी करून गेली.

आता आईबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिचं माहेर मोखाड्याकडचं. तिकडे होळीनंतर विहिरींचे तळ दिसायला लागतात, आणि आईचं सगळं लहानपण पाण्यामागे गेलं. नदीच्या कोरड्या पात्रात खड्डा खणायचा, त्यात पाझरून येईल ते वाटीने हंड्यात भरायचं, पाणी म्हणजे निम्मा चिखल. पण ती माणसं चिखल पीत नव्हती. ती निवळीचं बी वापरायची. बटणाएवढं, चपटं बी असतं ते, जंगलात मिळतं. दगडावर पाण्याचा थेंब टाकून ते चंदनासारखं उगाळायचं, ते गंध हंड्यात ढवळायचं आणि हंडा हलवायचा नाही. काही तासांत गाळ तळाला बसतो. मग वरचं पाणी लुगड्याच्या चार पदरी घडीतून अलगद ओतून घ्यायचं. हे ऐकायला सोपं आहे. बी किती उगाळायचं, किती ढवळायचं आणि कधी हात काढून घ्यायचा, ते ज्याला कळतं त्यालाच कळतं. मी दोनदा करून बघितलं, माझा हंडा दुसऱ्या दिवशीही चहासारखा होता.

आईचा हात त्यात बसलेला होता. आमच्याकडे लग्नं चैत्र-वैशाखात, म्हणजे नेमकी पाणी नसतं तेव्हा. टँकर येतो, आटलेल्या विहिरीत पाणी ओततो, तळाचा चिखल वर येतो आणि तेच पाणी बाया दोर टाकून काढतात. लग्नघरी पाहुण्यांना ते कसं द्यायचं? म्हणून आदल्या दिवशी आईला बोलावणं यायचं. ती आपला दगड आणि बियांची पुरचुंडी घेऊन जायची, मांडवाच्या कडेला ओळीने लावलेल्या हंड्यांपाशी बसायची, आणि ती उठेपर्यंत हंड्यांना कुणी हात लावायचा नाही, नवरदेवाच्या बापानेसुद्धा नाही. आम्हाला ना मोठी जमीन, ना घरात कुणी नोकरीला. मांडवात आईला जो मान होता तो त्या पाण्याचा होता. व्याही मंडळी पाणी पिऊन विचारायची, कुणाच्या हातचं आहे? तेव्हा काकी आईकडे बोट दाखवायची आणि आई मुद्दाम दुसरीकडे बघायची.

जोडी मी गुढीपाडव्यानंतर लावली. ऊन चांगलं तापलं होतं, पाणी आपोआप कोमट राहत होतं. विहिरीत टाकतात त्या पांढऱ्या पावडरीचा वास उडावा म्हणून पाणी दोन दिवस उन्हात ठेवलं. पडवीत थर्माकोलच्या खोक्यात वीतभर पाणी, त्यात बदामाचं एक वाळकं पान. नराने पानाखाली तोंडाने बुडबुडे सोडून फेसाचं घरटं केलं. मादी मी दोन दिवस काचेच्या बरणीत ठेवून त्याच बरणीसकट पाण्यात उभी केली होती, नुसती एकमेकांना दिसावीत म्हणून. तिच्या अंगावर उभे पट्टे उठले तेव्हा सोडली. त्याने तिला असं काही पिटाळलं की आई म्हणाली, "काढ तिला, मारून टाकील तो मेला." मी म्हटलं, तू बोलू नको, तुला यातलं कळत नाही.

हे वाक्य मी त्या महिन्यात किती वेळा बोललो असेन.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंडी पडली. नर मादीला अंगाने वेढायचा, दोघं क्षणभर मेल्यागत थिजायची, आणि खसखशीसारखी अंडी खाली सुटायची. मग नर खाली झेपावून एकेक अंडं तोंडात धरायचा आणि फेसात नेऊन चिकटवायचा. आई कामधाम सोडून बघत बसली. मादी मी काढून घेतली. दीड दिवसाने पिल्लं फुटली. पापणीच्या केसाएवढी पिल्लं, शेपट्या खाली करून फेसाला लटकलेली. एखादं निसटून खाली पडलं की बाप धावायचा, तोंडात घ्यायचा, वर आणून सोडायचा. परत दुसरं पडायचं. तीन दिवस तो काही खात नव्हता की थांबत नव्हता.

"बाप बेस हाय रं," आई म्हणाली. माझे वडील मला पहिल्यांदा आश्रमशाळेत सोडून परत फिरले होते, आणि वाटेतून उलटे आले होते, मी रडतोय का बघायला. ते तिला आठवलं असणार. मला तरी आठवलं.

पिल्लं आडवी पोहायला लागली की बापाला काढावं लागतं, कारण मग त्याला ती खाऊ वाटायला लागतात. त्यालाही मी काढलं. आता खरी परीक्षा होती. एवढ्या लहान पिल्लाच्या तोंडात काहीच जात नाही. त्यांना डोळ्यांना न दिसणारे जीव खायला लागतात, आणि ते जीव घाण पाण्यात होतात. कोबीचं पान आणि केळ्याचं साल बरणीत पाणी घालून पाच-सहा दिवस कुजवायचं, पाणी आधी दुधासारखं होतं, मग पिवळट, वास सुटतो. ते पाणी थेंब थेंब खोक्यात सोडायचं. खोक्यातलं पाणीही गढूळ, हिरवट राहिलं पाहिजे. त्या गढूळपणात पिल्लांची भाकरी असते.

यातलं एक अक्षर मी आईला सांगितलं नाही. "हात लावू नको," एवढंच सांगितलं. ती वास घेऊन नाक मुरडायची, तिचा जीव वर-खाली व्हायचा, पण मला समजावून सांगायचा कंटाळा होता. मी उंटावरचा शहाणा. त्यात एका सकाळी खोक्याच्या कडेला दोन-तीन मेलेली पिल्लं दिसली आणि मी घाबरलो. बरणीतलं कुजकं पाणी जास्त ओतलं गेलं असावं. मी स्वतःशीच बोलल्यासारखा मोठ्याने म्हणालो, "सगळं पाण्यावर आहे. पाणी खराब झालं की संपलं. मग जायचं वसईला."

आई चुलीपाशी होती. तिने ऐकलं.

त्याच दिवशी मला रेशनकार्डाच्या अंगठ्यासाठी जव्हारला जावं लागलं. सकाळची जीप पकडली. तिथे मशीन चालत नव्हतं, मग चाललं, मग माझा अंगठा लागेना. सहा वर्षं साबणाच्या पाण्यात घालवल्यावर अंगठ्यावर रेषा कुठून राहणार? परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. आई पडवीत खोक्याशेजारी बसली होती, अंग दमलेलं, चेहरा मात्र लग्नाच्या मांडवात असायचा तसा. ती म्हणाली, "ये, बघ."

मी बघितलं. खोकं तळापर्यंत दिसत होतं. पाणी इतकं नितळ की पाणी आहे हे कळू नये. आणि त्यात पिल्लं, सगळी, मला पहिल्यांदाच स्पष्ट दिसत होती. काळे दोन डोळे, मागे पारदर्शक दोरा. गढूळ पाण्यात मी त्यांना कधी नीट बघितलंच नव्हतं. उतरत्या उन्हात त्यांच्या सावल्या तळावर फिरत होत्या. खरं सांगतो, एक क्षण मला नुसता आनंद झाला.

तिने दिवसभर काय केलं ते तिने आपणहून सांगितलं. निवळी उगाळून हंडाभर पाणी केलं, चार पदरी गाळलं. उन्हात ठेवून खोक्याइतकं कोमट केलं, बोट बुडवून बुडवून बघितलं, कारण लहान लेकराला गार पाणी सोसत नाही. मग शिंपल्याने एकेक पिल्लू उचलून त्यात सोडलं. हा शिंपला घरात कुठून आला म्हणून विचारलं तर म्हणाली, याच्यानेच तुला पेज पाजायची. सकाळपासून तिने दुसरं काही केलं नव्हतं, भाकरीसुद्धा नाही. जुनं पाणी तिने झेंडूला घातलं. आणि ती वास मारणारी बरणी? तीही ओतून, राखेने घासून, उन्हात पालथी घातली होती. ती चकचकत होती.

"एक पन मेला नाय," ती म्हणाली.

मी काय बोललो ते मला जसंच्या तसं आठवतं. मी म्हणालो, "तुझ्या या पाण्यात काही नाही. खायला काही नाही, काहीच नाही. उपाशी मारलीस तू त्यांना. बाप सांभाळत होता तेच बरं होतं, तू त्यांच्यात कशाला पडलीस?" आणखीही बोललो. तिचं निवळीचं बी म्हणजे अडाणीपणा आहे असं बोललो. शेजारच्या काकीच्या घरापर्यंत आवाज गेला, कारण काकी ओट्यावर येऊन उभी राहिली होती.

आई भांडखोर बाई आहे, वडिलांना तिने कधी वरचढ होऊ दिलं नाही. पण त्या वेळी ती नुसती खोक्याकडे बघत राहिली. मग शिंपला धुऊन आत ठेवला आणि पीठ मळायला बसली.

बरणी पुन्हा कुजायला पाच-सहा दिवस लागणार होते. पिल्लांना फार तर दोन दिवस होते. मी सकाळी बाटली घेऊन डबकं शोधायला निघालो. ऐन चैत्रात आमच्याकडे कसलं डबकं? नदी वाळलेली, बांध भेगाळलेले. शेवटी तीन डोंगर ओलांडून म्हशी बसतात असा एक चिखल सापडला, त्यातलं बाटलीभर पाणी आणलं. ते खोक्यात सोडलं, पण त्यात काही होतं की नुसतं शेणच, देव जाणे. पिल्लं संध्याकाळपर्यंत मंदावली. तरी निम्मी जिवंत होती, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे. निम्मी जिवंत होती.

मग मला दुकानातली एक युक्ती आठवली. अंडं उकडायचं, पिवळा बलक फडक्यात बांधायचा, पाण्यात पिळायचा. त्याचे बारीक कण पिल्लं खातात. पण सुईच्या टोकाएवढाच बलक घालायचा, नाहीतर तो तळाला बसून सडतो आणि पाण्याचं विष होतं. हे मला ठाऊक होतं. मी गिऱ्हाइकांना हेच बजावून सांगायचो. आणि त्या संध्याकाळी मी फडकं पिळत राहिलो. पिल्लं खात आहेत असं वाटत होतं, म्हणून आणखी पिळलं. तिच्या नितळ पाण्यात पिवळे ढग उतरत होते आणि मला बरं वाटत होतं.

सकाळी खोक्याला कुजका वास होता. उरलेली सगळी पांढरी होऊन तळाशी पडली होती. आई उठायच्या आत मी खोकं माळावर नेऊन उपडं केलं. ती उठली तेव्हा मी रिकामं खोकं धूत होतो.

"गेली?" तिने विचारलं.

"गेली," मी म्हणालो. एवढंच. बलकाचं सांगितलं नाही. निम्मी मी मारली हे सांगायला तोंड होतं, वेळ होता, माणूस समोर उभं होतं. मी खोकं धूत राहिलो. दोष तिच्या पदरात पडला होता, तो तिथेच राहू दिला.

मी पुन्हा जोडी लावून बघितली. नराने घरटं केलं नाही. मादीच्या पंखांना बुरशी धरली आणि ती गेली. तेवढ्यात शेठचा फोन आला, आणि मी पिशवी भरली. नर सोबत नेणार होतो, पण आई म्हणाली, "राहू दे त्याला. घरात कायतरी हलता पाहिजे." मी त्याला काचेच्या बरणीत ठेवला, डासांच्या अळ्या कशा घालायच्या ते दाखवलं आणि आठवड्याने निम्मं पाणी बदलायला सांगितलं. ती नीट ऐकून घेत होती. निघताना ती जीपपर्यंत आली. पाऊस अजून यायचा होता. जीप सुटली तरी ती रस्त्यावर उभी होती, आणि मी मागे बघितलं नाही कारण मला माझाच राग येत होता.

फोनवर ती मासा बरा आहे म्हणायची. मी पाणी बदललंस का विचारायचो. ती विषय बदलायची. लावणीला मी आलो नाही, दिवाळीलाही नाही, शेठने सोडलं नाही असं मी तिला सांगत होतो. ते निम्मंच खरं होतं.

या वर्षी वैशाखात पाड्यावर लग्न होतं, शेजारच्या काकीच्याच नातीचं. मी दोन दिवसांसाठी आलो. मांडवात शिरलो तर कडेला हंडे नव्हते. प्लास्टिकच्या मोठ्या निळ्या पिंपात टँकरचं पाणी होतं तसंच, पिवळट, आणि माणसं पेला भरून घेताना आधी त्यात बघत होती. मी काकीला विचारलं, आई कुठे आहे?

"आली नाय," काकी म्हणाली. "मी स्वतः बोलवायला गेली होती. दोनदा गेली. बोलते, माझ्या हाताचा पानी नको लग्नात. पोरीचा नवा संसार हाय." मग तिने माझ्याकडे जरा रोखून बघितलं. "तूच काय काय बोललास तिला त्या दिवशी. आम्ही आखं ऐकलं."

मी जेवलो नाही, घरी आलो. आई पडवीत नाचणी पाखडत होती. खिडकीच्या फळीवर ती काचेची बरणी होती. पाणी काळपट हिरवं, इतकं दाट की आत काही दिसेना. मी बरणी हलवली. आत काही नव्हतं, मासा केव्हाच विरघळून गेला असणार.

"पाणी बदललं नाहीस?"

"तवा हात लावू नको बोलला होतास ना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

आत उतरंडीशेजारी पिण्याचा हंडा होता. मी झाकण काढलं. मातीच्या रंगाचं पाणी, वर एक काडी तरंगत होती. ती तसंच पीत होती, गेलं वर्षभर. मागच्या पावसात जुलाबांनी तिला अंथरुणात पाडलं होतं, हे मला काकीकडून नंतर कळलं. तिचा दगड चुलीमागे होता, त्यावर ती आता मिरच्या वाटत होती. बियांची पुरचुंडी खुंटीला होती आणि गाठीला जाळं धरलं होतं.

मी दगड धुतला. मिरचीचा वास जाईपर्यंत धुतला. बी काढून उगाळलं, हंड्यात ढवळलं, हंडा हलवला नाही. ती बसल्या जागेवरून बघत होती. मी जास्त उगाळतोय की कमी, ते तिला तिथूनही कळत असणार, पण ती नाचणी पाखडत राहिली. माझी पहिली दोन वेळची फजिती मला आठवत होती. या वेळी काय झालं कोण जाणे, उन्हं कलेपर्यंत पाणी निवळलं. तिच्याइतकं नाही, पण निवळलं. मी चार पदरी गाळून पेला भरला आणि तिच्यासमोर बसलो.

"आये," मी म्हणालो, "ती पिल्लं तू नाही मारलीस. निम्मी जिवंत होती. मी अंड्याचा बलक घातला, जास्त झाला. मी मारली."

तिने पाखडायचं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं, लहानपणी मी खोटं बोलल्यावर बघायची तसं.

"आता कशाला सांगतस?" ती म्हणाली. "मला बरा वाटावा म्हनून?"

"खरं सांगतोय."

"तू तिथं शिकलास. तुझ्या हातून कशी चूक होईल?"

मी पुन्हा सांगितलं. बलक, फडकं, सकाळचा वास, सगळं सांगितलं. ती मान हलवत राहिली, समजूत काढणाऱ्या माणसासमोर आपण हलवतो तशी. मग मी पेला पुढे केला. तिने तो घेतला, दाराच्या उजेडात धरला आणि बराच वेळ त्यातून आरपार बघितलं.

"बेस निवळला रं," ती म्हणाली. "पन याच्यात काय नाय."

तिने पेला माझ्याजवळ ठेवला, उठली आणि आत गेली. हंड्याच्या तळाला उरलेला गाळ मी आत एका तांब्यात ओतून ठेवला होता. त्यात थोडं पाणी होतं, ते ती प्याली.